सायक्लोन टेलर: गोल मोजण्याआधी नोकरी बघा

प्रश्न असा: व्यावसायिक आइस हॉकीचा पहिला मोठा तारा म्हणून फ्रेड ‘सायक्लोन’ टेलरचं नाव घेतात. त्याची कारकीर्द नेमकी कशी घडली? त्याला खरंच एवढे पैसे मिळायचे का? उलटं स्केटिंग करत गोल मारल्याची गोष्ट खरी की थाप? आणि एवढा मोठा होता, तर एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या हॉकी लीगच्या, आकडेवारीत तो सापडत का नाही?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. एनएचएल जन्मली २६ नोव्हेंबर १९१७ ला, मॉन्ट्रियलमध्ये. टेलर तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरला, वेगळ्याच लीगमध्ये खेळत होता. एनएचएलमध्ये तो एकही सामना खेळला नाही. त्यामुळे त्या लीगच्या यादीत त्याला शोधणं म्हणजे रणजीच्या स्कोअरबुकात आयपीएलचे षटकार शोधणं. त्याचे आकडे निरनिराळ्या लीगच्या दप्तरांत विखुरलेत. त्या लीग वेगळ्या, नियम वेगळे, आणि काही ठिकाणी तर गोलासाठी पास देणाऱ्याची नोंदच ठेवत नसत.

आता मुख्य मुद्दा. टेलरची कारकीर्द वाचताना बहुतेक जण ‘किती गोल’ या रांगेकडे आधी बघतात आणि मग गोंधळतात. हा माणूस एका गावातून दुसऱ्या गावात का जातो, मध्येच एक अख्खा मोसम घरी का बसतो, सव्वापाच हजार डॉलर घेतल्यावर दोन वर्षांनी त्याहून खूप कमी पैशात का तयार होतो, याचा उलगडा गोलांवरून होत नाही. तो त्याच्या नोकरीवरून होतो. आपल्याकडे चांगल्या कबड्डीपटूला रेल्वेत किंवा बँकेत चिकटवून घेतात आणि मग तो त्या संघाचा होतो. टेलरचा हिशेब तसाच होता. हॉकी दहाएक वर्षं पैसे देईल, सरकारी खुर्ची तीस-चाळीस वर्षं देईल, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

जन्म ओंटारियो प्रांतातल्या टारा नावाच्या खेड्यात, आणि वाढला त्याच प्रांतातल्या लिस्टोवेलमध्ये. जन्मतारीख २३ जून. वर्ष बहुतेक जण १८८४ धरतात, पण १८८३ आणि १८८५ हेही छापलेलं सापडेल, त्यामुळे वयाच्या हिशेबात एखादं वर्ष इकडेतिकडे झालं तर दचकू नका. वडील शेतीची अवजारं विकत फिरायचे. घरची परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो गावातल्या पियानोच्या कारखान्यात लागला आणि संध्याकाळी लिस्टोवेल मिंटोज या कुमार संघाकडून खेळायचा.

पहिली अडचण इथेच आली. ओंटारियो हॉकी असोसिएशन, म्हणजे ओएचए, ही कट्टर हौशी संघटना. खेळाडूनं पैशाला हात लावला की तो कायमचा बाद. पण तिचे पदाधिकारी मोठ्या शहरांच्या संघांसाठी चांगली पोरं हेरायचेच. १९०४ मध्ये संघटनेचे सचिव बिल हेविट यांनी टेलरला टोरांटो मार्लबरोजकडून खेळायला बोलावलं. त्यानं नकार दिला. मग तू ओंटारियोत कुठेच खेळणार नाहीस, असं आपल्याला सांगण्यात आल्याचं टेलर पुढे सांगत असे. आणि घडलंही तसंच. १९०४-०५ चा पूर्ण मोसम तो बाहेर बसला. वीस वर्षांचा, पायात वारं भरलेला खेळाडू, आणि वर्षभर प्रेक्षकांत.

हौशी संघटनेनं दार बंद केलं म्हणून तो व्यावसायिक झाला. पैशाच्या मोहानं गेला, हे अर्धसत्य आहे.

१९०६ च्या जानेवारीत तो आधी मॅनिटोबातल्या पोर्टेज ला प्रेअरीला गेला आणि चारच सामन्यांनंतर तिथून अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या हॉटन गावी. हॉटन हा तांब्याच्या खाणींचा मुलूख. तिथे डॉक गिब्सन नावाच्या दंतवैद्यानं पुढाकार घेऊन १९०४ मध्ये जगातली पहिली उघडपणे व्यावसायिक हॉकी लीग उभी केली होती: इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीग. पाच संघ होते. हॉटनचा पोर्टेज लेक्स, शेजारचा कॅल्युमेट, नदीच्या दोन काठांवरचे दोन सू सेंट मरी (एक अमेरिकेत, एक कॅनडात) आणि पिट्सबर्ग. टेलरला उरलेल्या मोसमाचे ४०० डॉलर आणि वर खर्च ठरला. सहा सामन्यांत ११ गोल करून त्यानं पैसे फेडले. पोर्टेज लेक्सनं १९०६ आणि १९०७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली आणि त्यानंतर लीगच बुडाली. एक तर १९०७ ची आर्थिक मंदी. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे कॅनडातल्या संघांनी १९०६-०७ पासून उघड पैसे द्यायला सुरुवात केली. मग घर सोडून मिशिगनच्या खाणीत कोण जाईल?

पुढचं कळायला तेव्हाचा खेळ कसा होता ते आधी बघावं लागेल, नाहीतर ‘सायक्लोन’ हे नाव नुसतं शोभेचं वाटेल.

संघात सात जण. गोलरक्षक; त्याच्यापुढे ‘पॉइंट’; पॉइंटच्या पुढे ‘कव्हर-पॉइंट’; मग ‘रोव्हर’; आणि पुढे मध्यभागी एक नि दोन बगलांना दोन. क्रिकेटवाल्यांनी कव्हर आणि पॉइंट ही नावं वाचून हुरळू नये, ती लॅक्रॉस नावाच्या खेळातून आलीत. आज दोन बचावपटू शेजारी-शेजारी उभे राहतात. तेव्हा ते एकामागे एक, रांगेत उभे असायचे. पहिला चुकला तर दुसरा. रोव्हरला ठरलेली जागाच नव्हती: हल्ल्यात चौथा, बचावात तिसरा, सगळ्यात जास्त पळणारा.

पुढे पास देता येत नसे. चकती, म्हणजे पक, ज्याच्याकडे आहे त्याच्या पुढे उभा असलेला साथीदार ऑफसाइड. पास द्यायचा तर बाजूला किंवा मागे. पक पुढे न्यायचा एकच भरवशाचा मार्ग: स्वतः घेऊन पळायचं. याला इंग्रजीत जो शब्द आहे त्यापेक्षा आपला ‘चढाई’ हा कबड्डीतला शब्द जास्त नेमका आहे, कारण गडी एकटा आत शिरायचा आणि समोरचे रांगेनं त्याला अडवायला उभे असायचे. गोलरक्षकाला पक अडवायला बर्फावर पडायची परवानगी नव्हती. पडला तर दंड. खेळ तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांत, आणि सुरुवातीचे सात जणच शक्यतो पूर्ण साठ मिनिटं खेळायचे. आज एकेक खेळाडू मिनिट-पाऊण मिनिट जीव तोडून पळतो आणि बाकावर येऊन बसतो. तेव्हा दम राखून पळावं लागे.

शिवाय बर्फ नैसर्गिक. हॉलला छप्पर असे, पण थंडी बाहेरचीच. ओटावा-मॉन्ट्रियलकडे मोसम जानेवारी ते मार्चची सुरुवात, म्हणजे जेमतेम दहा-बारा सामने. मार्च उजाडला की पृष्ठभागावर पाणी सुटायचं, पक अडकायचा, स्केट रुतायचे. अशा बर्फावर साठाव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखा पळणारा माणूस म्हणजे संघाचं निम्मं भांडवल.

टेलरची किंमत इथून येते. त्याच्याहून अचूक फटका मारणारे त्या काळात होते. न्यूजी लालोंद घ्या, जो मलोन घ्या. पण पक स्टिकला चिकटवून, वेग न मोडता, दोन बचावपटूंच्या रांगेतून वळसा घेऊन निघणारा असा दुसरा सहसा सापडत नाही. १९०७-०८ च्या मोसमात ओटावानं त्याला घेतलं तेव्हा मुख्यतः कव्हर-पॉइंटला खेळवलं. वरवर पाहता हा उलटा निर्णय: सर्वात वेगवान माणूस मागे का ठेवायचा? तर पुढे पास नसलेल्या खेळात आघाडीच्या गड्याला धाव घ्यायला जागाच नसते. तो प्रतिस्पर्ध्याच्या रांगेला आधीच चिकटलेला असतो. कव्हर-पॉइंटहून निघालेल्याला वेग पकडायला अर्धं मैदान मोकळं मिळतं, आणि तो समोरच्या रांगेपाशी पोचतो तेव्हा पूर्ण वेगात असतो. त्या मोसमात १० सामन्यांत ९ गोल. बचावातल्या माणसासाठी हा आकडा त्या काळात अचाट होता.

‘सायक्लोन’ हे नावही तिथलंच. जानेवारी १९०८ मध्ये ओटावाच्या नव्या हॉलमध्ये सात हजारांवर लोक होते. त्यांत कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड ग्रे होते. तेच ग्रे, ज्यांच्या नावाचा चषक आजही कॅनडाच्या फुटबॉलमध्ये देतात. टेलरचा खेळ बघून ते ‘हा तर चक्रीवादळ आहे’ अशा अर्थाचं काही म्हणाले, जवळच्या वार्ताहरानं ते उचललं आणि छापलं. याआधी त्याला ‘वावटळ’ म्हणायचे. बढती झाली म्हणायची.

ओटावानं त्याला ५०० डॉलर आणि केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्यात कारकुनाची नोकरी देऊ केली होती. नोकरीचे महिन्याला ३५ डॉलर. पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं टेलर त्याच खात्यात राहिला. ओटावाकडून तो दोन मोसम खेळला, आणि १९०९ मध्ये संघानं स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकीतला सर्वोच्च चषक, जिंकला. मध्ये १९०८-०९ च्या सुरुवातीला तो पिट्सबर्गला जाऊन तीन सामने खेळून परतला, तो प्रसंग फारसा महत्त्वाचा नाही. एक गमतीची नोंद मात्र करायला हवी: ज्या लीगमध्ये हे सगळं चाललं होतं तिच्या नावात १९०८ पर्यंत ‘हौशी’ हा शब्द होता. १९०९ च्या मोसमाला तो गुपचूप गाळला.

आता पैशाचा प्रश्न. रेनफ्रू हे ओटावाच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवरचं गाव, वस्ती चारेक हजार. तिथले एम. जे. ओब्रायन यांनी रेल्वेची कंत्राटं आणि कोबाल्ट गावच्या चांदीच्या खाणींत अफाट पैसा केला होता. मुलगा अ‍ॅम्ब्रोझ याला गावाला स्टॅन्ली कप आणून द्यायचा होता. मोठ्या लीगनं रेनफ्रूला प्रवेश नाकारला. मग त्यानं आणि मॉन्ट्रियल वॉन्डरर्सच्या लोकांनी डिसेंबर १९०९ मध्ये दुसरी लीगच काढली: नॅशनल हॉकी असोसिएशन, एनएचए. ओब्रायनच्याच पैशातून त्या आठवड्यात मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा संघही जन्मला; तो आजही खेळतोय.

रेनफ्रूचं अधिकृत नाव क्रीमरी किंग्ज, म्हणजे लोणी-दुधाचे राजे. लोकांनी ठेवलेलं नाव ‘मिलियनेअर्स’. लेस्टर पॅट्रिकला ३,००० डॉलर, त्याचा भाऊ फ्रँकला २,०००. आणि टेलरला ५,२५०, मोसम बारा सामन्यांचा.

हा आकडा आजच्या डॉलरमध्ये फिरवून बघण्यात अर्थ नाही, त्यातून काहीच कळत नाही. त्याच्याच पगाराशी मांडा. खात्यातला सुरुवातीचा पगार वर्षाला ४२० डॉलर. ५,२५० ला ४२० नं भागा: साडेबारा वर्षांचा पगार. सामन्यामागे काढा: ४३७ डॉलर ५० सेंट. एका संध्याकाळच्या साठ मिनिटांत कारकुनाच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त. सामन्यामागे मिळणाऱ्या पैशाच्या हिशेबानं तेव्हा जगात सर्वात महाग खेळाडू तोच, असं जे म्हणतात ते या भागाकारावर उभं आहे. बेसबॉलवाले वर्षाला जास्त कमवत, पण त्यासाठी ते दीडशेच्या वर सामने खेळत.

आणि एवढं करून रेनफ्रू तिसरा आला. वॉन्डरर्स पहिले, ओटावा दुसरे. मोसमाच्या मध्यावर कॅनेडियन्सकडून लालोंदलाही उचलून आणलं, तरी उशीर झाला होता. आयत्या वेळी जमवलेले तारे आणि साठ मिनिटं एकत्र खेळणारे सात जण यांतला फरक गुणतक्त्यात दिसतो.

उलट्या गोलाची गोष्ट याच मोसमातली. ओटावा सोडून गेल्यामुळे टेलरवर तिथले लोक खवळलेले. सामन्याआधी तो गमतीत म्हणाला की ओटावाच्या सगळ्या संघातून मी उलटं स्केटिंग करत जाऊन गोल मारीन. वर्तमानपत्रांनी ते वाक्य पेटवलं. १२ फेब्रुवारी १९१० ला ओटावात सामना झाला. प्रेक्षकांनी लिंबं आणि बाटल्या फेकल्या, आणि ओटावानं ८-५ असा सामना घेतला. टेलरला काही जमलं नाही. परतीचा सामना ८ मार्चला रेनफ्रूमध्ये. रेनफ्रू १७, ओटावा २.

त्या सामन्यात त्यानं उलटा गोल केला, असं पुढे पसरलं. रेनफ्रूच्या स्थानिक वृत्तपत्रातलं वर्णन नीट वाचलं तर त्याचा अर्थ एवढाच: तो नेहमीसारखा पक घेऊन पुढे आला, वळला, काही अंतर पाठमोरा सरकला आणि मग पक जाळ्यात मारला. म्हणजे ‘सगळ्या संघातून उलटं’ हे खरं नाही, आणि ‘शुद्ध थाप’ हेही खरं नाही. शेवटचे काही यार्ड पाठ करून गेला, हे मानायला हरकत नाही.

हे शक्य कसं होतं, तेही बघा. त्या काळच्या स्टिकचं पातं सरळ असायचं; वाकवलेली पाती फार नंतर, १९६० च्या दशकात रुळली. सरळ पात्याला पुढची-मागची बाजू सारखीच, म्हणून उलट हातानं मारलेला फटकाही सुलट्याइतकाच नीट बसायचा. पाठमोरा माणूस स्वतःचं अंग पक आणि बचावपटू यांच्या मध्ये घालतो. आपल्याकडे फुटबॉलमध्ये पाठ लावून बॉल राखतात तसंच. बचावपटूला पकपर्यंत पोचायचं तर वळसा घालावा लागतो. गोलरक्षकाला खाली पडता येत नाही, आणि मारणाऱ्याचे हात त्याच्या पाठीआड असल्यानं फटका कधी सुटणार ते दिसत नाही. अडचण एकच: पाठमोरं वळताना वेग मोडतो, आणि समोर जागता बचावपटू असेल तर तो त्या क्षणी धडक देतो. १७-२ च्या सामन्यात समोर जागतं कोण होतं, हा प्रश्न ज्यानं त्यानं सोडवावा.

पुढच्या मोसमाला मालक शुद्धीवर आले. १९१०-११ साठी एनएचएनं संघाच्या एकूण पगारावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. अख्ख्या संघाला मिळून, एकट्या टेलरला आदल्या वर्षी मिळाले त्याहून कमी! आर्ट रॉस, ब्रूस स्टुअर्ट वगैरे खेळाडूंनी वेगळी लीग काढायची धमकी दिली, पण हॉल सगळे मालकांच्या हातात. बर्फच नसेल तर संप कुठे करणार? रेनफ्रूनं त्या मोसमानंतर गाशा गुंडाळला आणि खेळाडू बाकीच्या संघांत वाटले गेले. टेलर वॉन्डरर्सच्या वाट्याला आला. त्याला मात्र ओटावाच हवं होतं: नोकरी तिथे, होणारी बायको थर्झा कुक तिथे. ओटावानं त्याला जानेवारी १९१२ मध्ये वॉन्डरर्सविरुद्धच एका सामन्यात उतरवलं, तक्रार झाली, निलंबन झालं. दुसरा मोसम वाया. पहिला हौशी संघटनेमुळे गेला होता, हा व्यावसायिक मालकांमुळे. खेळाडूच्या हातात दोन्ही वेळा काहीच नव्हतं. फरक इतकाच की या खेपेला महिन्याच्या महिन्याला सरकारी पगार येत होता, म्हणून तो वाकला नाही.

तोवर पॅट्रिक बंधूंनी पश्चिमेला नवा खेळ मांडला होता. वडिलांचा लाकडाचा धंदा विकून आलेल्या पैशातून त्यांनी व्हिक्टोरिया आणि व्हँकुव्हरला कॅनडातले पहिले कृत्रिम बर्फाचे हॉल बांधले. व्हँकुव्हरचा डेन्मन अरीना साडेदहा हजार माणसांचा. समुद्रकाठच्या त्या शहरात तळी गोठण्याइतकी थंडी पडत नाही, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. पद्धत अशी की अमोनियाच्या यंत्रानं मिठाचं पाणी शून्याखाली गार करायचं, ते जमिनीतल्या नळ्यांच्या जाळ्यातून फिरवायचं आणि वर साध्या पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवायचे. थर जाड ओतला तर वरून गोठतो, आत पोकळ राहतो आणि स्केटखाली फुटतो. घट्ट, कोरडा, मोसमभर एकसारखा बर्फ. टेलरसारख्याला याहून काय हवं?

१९१२ च्या शेवटी तो व्हँकुव्हर मिलियनेअर्सकडे आला. रेनफ्रूच्या मानानं पैसे खूपच कमी. पण खात्यानं त्याची बदली व्हँकुव्हरच्या इमिग्रेशन कचेरीत केली, आणि हीच खरी अट होती.

पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशननं, म्हणजे पीसीएचएनं, दोन गोष्टी केल्या. एनएचएनं रोव्हर काढून सहा जणांचा खेळ केला होता. पॅट्रिकनी सात ठेवले, आणि टेलर रोव्हर झाला. दुसरी गोष्ट, १९१३-१४ पासून बर्फावर दोन निळ्या रेघा मारून मैदानाचे तीन भाग केले आणि मधल्या भागात पुढे पास द्यायला मुभा दिली. परिणाम त्याच्या आकड्यांत लगेच दिसतो. १९१२-१३ मध्ये १० गोल, ८ असिस्ट (म्हणजे साथीदाराच्या गोलासाठी दिलेले पास). पुढच्या मोसमात २४ आणि १५. त्यापुढच्या, १९१४-१५ मध्ये, १६ सामन्यांत २३ गोल आणि २२ असिस्ट, मिळून ४५ गुण. तिशीतला माणूस एकाएकी दुप्पट चांगला होत नसतो. आधी तो एकटा चढाई करायचा. आता समोरचे दोघे अंगावर आले की मोकळ्या साथीदाराला पुढे पक सोडू लागला. वेग तोच, त्याचा उपयोग बदलला. १९१४, १५, १६, १८ आणि १९ अशी पाच वर्षं तो गुणांत लीगमध्ये पहिला. मधल्या १९१६-१७ ला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे ११ च सामने मिळाले. त्यांतही १४ गोल. १९१७-१८ ला १८ सामन्यांत ३२.

मार्च १९१५ मध्ये ओटावाचा संघ स्टॅन्ली कपसाठी व्हँकुव्हरला आला. पहिला आणि तिसरा सामना पश्चिमेच्या सात जणांच्या नियमांनी, दुसरा पूर्वेच्या सहा जणांच्या. निकाल ६-२, ८-३, १२-३. मधला सामना जास्त बोलका आहे, कारण त्यात ओटावाला त्याच्याच नियमांवर हरवलं. पॅसिफिक किनाऱ्यावर कप जाण्याची ही पहिलीच वेळ. त्या संघात टेलरबरोबर फ्रँक नाइबर, मिकी मॅके आणि गोलरक्षक ह्यू लेहमन होते; सात जण पुढे हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेले. म्हणून ‘टेलरनं कप जिंकून दिला’ असं कुणी लिहिलं तर थोडं मीठ घेऊन वाचा.

उलट बाजू १९१८ ची. टोरांटोविरुद्धच्या अंतिम मालिकेत पाच सामन्यांत टेलरचे ९ गोल, तरी व्हँकुव्हर ३-२ नं हरलं. सामने बघा: पहिला, तिसरा, पाचवा पूर्वेच्या नियमांनी, तिन्ही टोरांटोनं घेतले, दुसरा आणि चौथा पश्चिमेच्या नियमांनी, दोन्ही व्हँकुव्हरनं. रोव्हर काढला की रोव्हरवर बांधलेला संघ लंगडतो, याचा इतका स्वच्छ पुरावा हॉकीच्या इतिहासात क्वचित मिळतो.

एक गोष्ट भारतीय वाचकानं सोडू नये. २३ मे १९१४ ला व्हँकुव्हरच्या बंदरात कोमागाटा मारू हे जहाज आलं. गुरदित सिंग यांनी भाड्यानं घेतलेल्या त्या जहाजावर पंजाबातले ३७६ प्रवासी होते. त्यावर पहिल्यांदा चढलेला कॅनडाचा सरकारी अधिकारी म्हणजे इमिग्रेशन खात्यातला फ्रेड टेलर. त्याच हिवाळ्यात तो लीगमध्ये गुणांत पहिला आला होता आणि मार्चमध्ये त्याचं लग्न झालं होतं. मायदेशाहून थेट, न थांबता प्रवास केला पाहिजे या नियमाचा आडोसा घेऊन सरकारनं २४ जण सोडून कुणाला उतरू दिलं नाही. दोन महिने जहाज तिथेच उभं होतं. २३ जुलैला ते परत पाठवलं, आणि सप्टेंबरअखेर कोलकात्याजवळ बजबज इथे गोळीबारात वीसएक जण मारले गेले. या प्रकरणानं गदर चळवळीला केवढी धार आली ते वेगळं सांगायला नको. त्या चळवळीसाठी अमेरिकेतून परतलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. हॉकीवरच्या बऱ्याच लेखांत टेलरच्या नोकरीचा उल्लेख ‘स्थिर पगार’ एवढाच येतो. ती नोकरी काय काम करायची होती, हे त्यात येत नाही.

खेळ १९२१ च्या सुमारास संपला. डिसेंबर १९२२ मध्ये एक सामना खेळून त्यानं स्केट कायमचे उतरवले. खात्यात मात्र तो चढत गेला आणि ब्रिटिश कोलंबिया व युकॉनचा इमिग्रेशन आयुक्त होऊन १९५० मध्ये निवृत्त झाला. १९४६ मध्ये एमबीई हा ब्रिटिश किताब, १९४७ मध्ये हॉल ऑफ फेम. १९५२ ला प्रांतिक निवडणूक लढवून हरला. ९ जून १९७९ ला व्हँकुव्हरमध्ये निधन.

आकडे तपासताना एवढं सांभाळा. पीसीएचएतले त्याचे १५९ गोल, सामने सुमारे १३०, हे साठ मिनिटं बर्फावर राहून केलेले आहेत. आजच्या खेळाडूच्या सरासरीशेजारी ठेवले तर फसगत होईल. ओटावातले गोल कव्हर-पॉइंटचे, व्हँकुव्हरचे रोव्हरचे. दोन्हींची एकत्र सरासरी काढू नका. १९०८ च्या रकान्यात असिस्ट कोरे दिसले म्हणजे त्यानं पास दिले नाहीत असं नव्हे, तेव्हा कुणी लिहीतच नव्हतं. स्टॅन्ली कप दोन: १९०९ ओटावा, १९१५ व्हँकुव्हर. रेनफ्रूच्या नावावर कुठे कप दिसला, तर ते पान तिथेच मिटा.